लांजेवार

कूलरचा सीझन म्हणजे हात सदा ओले.
एका हातात पंप, दुसऱ्यात गवताचा गठ्ठा,
अन् खिशातला फोन असा थरथरून राहिला
जसा पत्र्यात अडकलेला भुंगा.
उचलावाच लागतो.
मानेवाडा रोडवर पाटी आहे, लाल अक्षरांत नंबर,
'मोटर, पंप, गवत. घरी येऊन बदलून देऊ.'
शेहेचाळीस डिग्रीत कोणाच्या घरी
कोण म्हातारं बसलेलं असेल, काय सांगावं.

'लांजेवारजी बोल रहे हैं?'

नाही बाई, राँग नंबर.
'सर, पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय आपलं.'
मागितलं कोणी?

सिम घेतलं इतवारीतून, दोन वर्षं झाली.
जुनी सायकल घेतली तर चेन पाहतो माणूस,
ब्रेक दाबून पाहतो.
जुन्या नंबरात काय दाबून पाहायचं?

पयले समजावलं. मग ओरडलो.
मग दोनच शब्द ठेवले : नाही पाहिजे.
शेजारचा पंक्चरवाला शकील म्हणे, मेसेज पाठव, बंद होतात.
पाठवला. चार दिवस शांतता,
पाचव्या दिवशी विमा.
बायको म्हणे, कुकरपाशी धरा फोन, शिट्टी ऐकवा.
एकदा पोराला दिला, त्यानं सतराचा पाढा सुरू केला.
सतरा आठे पाशी अडकला
तर पलीकडून पोरगीच म्हणाली,
एकशे छत्तीस.
अन् मग हळूच, 'पापा को फोन दो, बेटा.'

यांच्याचकडून कळत गेले लांजेवार.
सोनं गहाण होतं, सोडवलं.
मोटरसायकलचा विमा चोवीस तारखेला संपला.
बेसात वन बीएचके पाहून आले, टोकन दिलं नाही.
पोरीसाठी कॉलेजची चौकशी.
पुढे गुडघ्याचं तेल.
त्याच्याही पुढे कानाचं मशीन.
'सर, मागच्या वेळी तुम्ही बोलले होते,
विचार करून सांगतो.'
काय विचार करत होते लांजेवार?
अकरा डिसेंबरला तीन बँकांनी शुभेच्छा दिल्या.
तिघींनाही मी थँक्यू म्हटलं.

मागच्या गुरुवारी,
रामटेके मॅडमच्या गच्चीवर, टाकीत डोकं घालून बसलो होतो,
फोन आला.
बाईचा आवाज. 'लांजेवार भाऊजी...'
नाही पाहिजे, निघून गेलं तोंडातून,
अंगठा आपोआप लाल गोळ्यावर.
पंप चालू झाला. पाणी गवतावरून उतरलं,
तो वास आला, ओल्या लाकडाचा,
तेव्हा डोक्यात शिरलं :
'जी' नाही म्हटलं तिनं. भाऊजी म्हटलं.
पाठीमागे तो हॉल नव्हता,
शंभर पोरींची एकसारखी भुणभुण नव्हती.
कोंबडं आरवलं होतं. भरदुपारी.
अन् कोणीतरी खोकून राहिलं होतं, खूप जवळ.

लावला परत.
या नंबरवर येणाऱ्या कॉलची सुविधा उपलब्ध नाही.
उतरेपर्यंत चार वेळा लावला.
लागला असता तर बोललो काय असतो?
मी लांजेवार नाही,
पण त्यांचा वाढदिवस माहीत आहे मला?

मॅडमनी साडेतीनशे दिले, मी मोजले नाहीत.

आता फोन आला की पयले पाठीमागचं ऐकतो.
'हॅलो? सर? आवाज येतोय?'
येऊन राहिला, बोला.
साडेदहा टक्के, साठ हप्ते, प्रोसेसिंग फी माफ,
ओला हात पँटला पुसत सारं ऐकून घेतो.
मग विचारतो,
बाई, तुमच्या कागदात लांजेवारांचा
दुसरा एखादा नंबर आहे काय? पत्ता? गावाचं नाव तरी?

ती थांबते.
पाठीमागची भुणभुण मोठी होते.

'सॉरी सर,
ग्राहकाची माहिती आम्ही कोणाला देत नाही.'